थोरल्या भावाने बाहेर काढलं

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादाला आज तारीख मिळाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून वर नाव लिहिलं आणि एका झडपेवर ठिपका दिला. म्हणाल्या, "ही पार झिजलीय, आजोबा. चार मार्चला बदलू. त्यापुढे ढकललंत तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

दादाने कागद जवळ ओढला. म्हणाला, "तुम्ही ह्रदय लिहिलंय. ह ला ऋकार हवा. हृदय."

बाईंनी निमूट दुरुस्ती केली. आमचा दादा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लाल पेनाने जगाच्या चुका काढायच्या, आपली एकही कबूल करायची नाही. अठ्ठ्याहत्तरीला आला तरी सुंभ तोच आणि पीळही तोच.

घरी आलो. बूट काढता काढता म्हणाला, "मी काही त्या टेबलावर चढत नाही."

"का रे?"

"आजोबांना त्यांच्या भावाने घरातून का काढलं, ते मला आधी कळलं पाहिजे. ते न कळता मी मरणारही नाही आणि कापूनही घेणार नाही."

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, किल्ल्या अडकवत होती. शाळेची व्हॅन चालवते, पायाला भिंगरी आहे म्हणून लहानपणापासून भिंगरीच म्हणतो तिला. ती म्हणाली, "बाबा, त्या घराचा आणि या झडपेचा काय संबंध?"

"तुला नाही कळायचं."

मला कळलं. माणूस असा उंबऱ्यावर आला की मुळाकडे ओढ लागतेच. बिचाऱ्याच्या मनात केवढं साठलं असेल. मी म्हटलं, "दादा, चार मार्चच्या आत घर शोधून उत्तर आणते. मग तरी चढशील?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. बहुधा एवढी अपेक्षा नव्हती. म्हणाला, "सापडणार नाही ते."

"सापडलं तर?"

"तर बघू."

बघू नाही, चढायचं. मी ठरवलंय. शेंडी तुटो की पारंबी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भिंगरीला शाळेकडून डायरी मिळाली होती, ती तिने परवा रात्री मला दिली. म्हणाली, "आत्या, शोध लावणारे लोक लिहून ठेवतात." म्हणून हे लिहिणं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. खरं तर अक्षरं मी त्याच्या आधीच शिकले होते, पण उलटी. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, कागदावर सुलटं उमटतं. आजोबा त्याच्याही आधीपासून लाकडी ठसे कोरायचे. मी पुढे रबरी शिक्के करायचं दुकान चाळीस वर्षं चालवलं. म्हणजे तीन पिढ्या आम्ही उलटं वाचून जगलो. शेजारीण म्हणायची, तुमचं घराणंच उलट्या खोपडीचं. काय चुकीचं म्हणायची?

आज पेटीतून आजोबांचा कागद काढला. त्यांनी हाताने काढलेला रस्ता आहे. नदीपलीकडच्या गावात जायचं. पूल ओलांडला की डाव्या हाताची गल्ली. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे वळायचं. मग डावीकडचं तिसरं घर, दाराशी दोन दगडी पायऱ्या. "पूल", "टाकी", "घर" असं ठिकठिकाणी ठसठशीत लिहिलंय. खाली एकच ओळ आहे: "या घरातून मला थोरल्या भावाने बाहेर काढलं."

वडिलांनी फार मागे लागून हा कागद काढून घेतला होता म्हणे. पुढे विचारलं तर आजोबा उठून गेले. त्या एका ओळीवर आमचं घर उभं आहे. थोरले आजोबा म्हणजे दुष्ट, त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या मुलाबाळांकडे बघायचं नाही. दादाने तर ते व्रतासारखं पाळलं. आम्ही पाच भाड्याच्या घरांत राहिलो, आणि प्रत्येक वेळी सामान हलवताना तो म्हणायचा, "आपल्याला काढलं नसतं तर."

रविवार, ९ फेब्रुवारी

आधी जवळचं घर, मग लांबचं. आज व्हॅनने छापखान्यावरच्या दोन खोल्यांकडे गेलो. दादा आणि मी तिथेच वाढलो. खाली यंत्र सुरू झालं की वर ताटं आपोआप सरकायची. लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरात ताटं सरकतात.

खाली आता व्यायामशाळा आहे. यंत्रं गेली, पण धडधड तीच. पोरं घाम गाळत होती. भिंगरी म्हणाली, "आत्या, तूही दोन वजनं उचल." म्हटलं, तुझ्या बापाला उचलतेय तेवढं पुरे.

वरच्या मागच्या खोलीत म्हातारे मशीनवाले अजून आहेत. अठ्ठ्याऐंशीचे, कानाने धड, गुडघ्याने लंगडे. आजोबांबरोबर काम केलेला हा शेवटचा माणूस.

"तुझा आजा ना, महाभडकू," ते म्हणाले. "मालकाला शिव्या, कागदाला शिव्या, शाईला शिव्या. माझ्या तर सात पिढ्या त्याने रोज न्हाऊ घातल्या."

"आणि भावाला?"

मशीनवाल्यांनी मान हलवली. "भावाला नाही बुवा. भावाचा विषय निघाला की उठायचा आणि हात धुवायला जायचा. धूत बसायचा. आणखी एक होतं त्याचं. थंडीत आम्ही सगळे शेगडीला चिकटलेले, आणि हा तिकडे दाराशी, वाऱ्यात. ये म्हटलं तरी यायचा नाही."

परत येताना मी भिंगरीला म्हटलं, "बघ, केवढा राग. नुसतं नाव निघालं तरी हात धुवायचे."

तिने गिअर बदलला. मग म्हणाली, "रागात माणूस हात धुतो का, आत्या?"

म्हटलं, तू गाडी चालव.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादाला न्हाणीघरातून खुर्चीपर्यंत यायला मध्ये दोनदा थांबावं लागलं. एकदा कपाटाला धरून, एकदा मला. ओठ निळे दिसत होते. मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाला, "कपाटाला धूळ आहे, ती बघत होतो."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, तारीख चुकवू नका.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजच्या फजितीबद्दल लिहू की नको असं झालंय. पण डायरीशी काय लपवायचं.

पहाटे निघालो. दोन तासांनी नदी आली. पूल ओलांडून डावीकडच्या गल्लीत शिरलो. पाण्याची टाकी काही दिसेना. म्हटलं, शंभर वर्षं झाली, पाडली असेल. अंदाजाने उजवीकडे वळलो. डावीकडचं तिसरं घर म्हणजे बॅटऱ्यांचं दुकान. दगडी पायऱ्या नव्हत्या, एकच सिमेंटची होती. म्हटलं, रस्ता वर आला असेल, पायरी खाली गेली असेल. मनात भरलं की डोळे साक्ष द्यायला तयारच असतात.

गल्ल्यावर साठीतला एक माणूस कानात काडी घालून बसला होता. मी गाडीत भाषण घोकून ठेवलं होतं. ते सुरू केलं. म्हटलं, "तुमच्या वाडवडिलांनी सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं. त्याने पुढे जन्म काढला तो परक्यांच्या खोल्यांत. त्याच्या नातवाची झडप गेलीय आणि त्याला फक्त एवढंच हवंय की का काढलं, ते सांगा. आम्हाला तुमचं काही नको. वीट नको, खिळा नको."

माणसाने काडी बाहेर काढली. सगळं ऐकून घेतलं, मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "मावशी, माझे पणजोबा याच घरात जन्मले. एकुलते एक. त्यांचे वडीलही एकुलते एक. काढायला आमच्याकडे भाऊच नव्हता हो."

"ठसे कोरणारं घर इथे कुठे होतं का?"

"या गल्लीत सगळे तेलवाले होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. वर तो विचारतो कसा, "व्हॅनची बॅटरी बघू का?" बघितली. बदलायला झाली होती. बदलली. भिंगरी परतीच्या वाटेवर अर्धा तास हसत होती. मला मात्र रडायला येत होतं.

दादाने दारातच विचारलं, "सापडलं?"

"नाही."

आणि मी शपथेवर सांगते, त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. मला दिलासा द्यायला असेल. म्हणाला, "जाऊ दे. नशिबात नाही. कळव बाईंना, म्हणावं घाई नाही."

"घाई आहे," मी म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गॅसची शेगडी भडकत होती म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. काल तो चौकातूनच माघारी गेला होता, पत्ता सापडेना. म्हणून आज सकाळी मी चौकातल्या दुकानात त्याच्यासाठी रस्ता काढून ठेवला. अकरा वाजता आला तो तणतणतच.

"आजी, तुम्ही दवाखान्यापाशी डावीकडे दाखवलंय. डावीकडे नाला आहे. मी हत्यारांची पिशवी घेऊन नाल्याच्या काठाने चाललोय."

"डावीकडे कशाला दाखवीन? उजवीकडे आहे घर."

त्याने कागद पुढे केला. डावीकडेच होतं. दवाखाना डावीकडे, जिना डावीकडे, सगळं जगच डावीकडे. "दवाखाना", "जिना" ही अक्षरं मात्र सुलटी, वाचता येतील अशी.

दादा खुर्चीतून म्हणाला, "हिची जुनी खोड आहे. चाळीस वर्षं शिक्के कापले ना. चित्र काढायला बसली की हात आपोआप उलटं काढतो. शब्द लिहिताना शुद्धीवर येते."

दुरुस्तीवाला शेगडी उघडत म्हणाला, "मग मागून वाचायचं असं तरी लिहा कागदावर."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मग आत गेले, आजोबांचा कागद खिडकीच्या काचेला लावला, पाठीमागून. पूल. उजवीकडची गल्ली. डावीकडे वळण. उजवीकडचं तिसरं घर.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आमच्या घराला लागतो. वडिलांनीही तो कागद जन्मभर सुलटाच वाचला. ते एकदा जाऊन आले होते आणि घर सापडलं नाही म्हणून पाडलं असं समजून बसले होते. खिळे जुळवणाऱ्या माणसाला हे कळू नये?

दादाला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "म्हणजे सापडणार."

"सापडणार."

त्याने पेपर उघडला आणि तासभर एकच पान वाचलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सापडलं.

आजच लिहायला हवं.

पूल ओलांडून उजवीकडे वळलो. पन्नास पावलांवर पाण्याची टाकी, जुनी, दगडी, अजून वापरातली, खाली बादल्यांची रांग. डावीकडे वळलो. उजव्या हाताचं तिसरं घर. दोन दगडी पायऱ्या, मध्ये झिजून बशीसारख्या झालेल्या. मी गाडीतून उतरले आणि पायरीवर हात ठेवला. भिंगरी म्हणाली, "आत्या, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, ही माझ्या आजोबांच्या पायांनी झिजलीय.

खाली इस्त्रीचं दुकान होतं. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल, खांद्याने रुंद, अशी एक बाई चादरींचा ढीग हातावेगळा करत होती. वर न बघता म्हणाली, "कपडे तिकडे ठेवा. बुधवारी मिळतील."

"कपडे नाहीत. एक प्रश्न आहे."

"इथे प्रश्नांना इस्त्री होत नाही हो."

या वेळी मी भाषण केलं नाही. एकदा तोंड पोळलं होतं. नुसता कागद तिच्या टेबलावर ठेवला. तिने इस्त्री उभी केली, हात पुसले, आधी रस्ता पाहिला, मग खालची ओळ मोठ्याने वाचली. "या घरातून मला थोरल्या भावाने बाहेर काढलं." आणि माझ्याकडे बघितलं, जशी एखाद्या ओळखीच्या माणसाची खात्री करून घ्यावी.

"हो," ती म्हणाली. "काढलं ना. खांद्यावर टाकून."

मला काही कळेना. भिंगरीला माझ्या आधी कळलं, तिने माझा दंड धरला.

थोरल्या आजोबांची ती नात. म्हणजे नात्याने माझी चुलत-चुलत बहीण. तिने आम्हाला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. मागच्या खोलीत दोघे भाऊ ठसे कोरायचे. लाकडाचा भुसा, रोगणाचे डबे. भर दुपारी डबा पेटला. माझे आजोबा तेव्हा विशीतले. सगळे बाहेर पडले आणि हे कोरलेले ठसे वाचवायला परत आत घुसले. छत खाली यायला लागलं. थोरले आजोबा गेले, शोधून खांद्यावर टाकलं आणि काढलं बाहेर. दाराशी येताना वरची तुळई उजव्या हातावर पडली. बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. पुन्हा कधी त्यांनी हत्यार धरलं नाही. डाव्या हाताने इस्त्री धरायला शिकले.

"मग माझे आजोबा गेले कशाला?" मी विचारलं.

"वर्षभर राहिले. जेवायला बसले की समोर तो हात. घास उतरायचा नाही म्हणे. एक दिवस हत्यारं बांधली आणि निघाले. आजोबा म्हणायचे, त्याला आगीतून काढलं मी, पण माझ्या हातापासून काही वाचवता आलं नाही."

"तुम्हाला राग नाही आला कधी?"

"आला की. कारागीर झाले, नाव झालं, आणि आम्हाला विसरले, याचा. तुम्ही कुठे राहिलात इतकी वर्षं?"

म्हटलं, उलट्या बाजूला शोधत होतो.

ती हसली. तिचं हसणं दादासारखं आहे, आधी नाकातून.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आपल्या भाषेत या एका शब्दाने काय काय काढावं याला धरबंध नाही. दिवस काढतो, झोप काढतो, आठवण काढतो, चुका काढतो, गळा काढतो. फोटो काढतो आणि भांडणही काढतो. आजोबांनी एक शब्द लिहिला आणि आम्ही त्यातून सत्तर वर्षं वैर काढलं. माणूस शुद्ध लिहून गेला, वाचणारे आम्हीच उलटे.

दादाला सकाळी चहानंतर सांगितलं. सगळं, काही न गाळता. त्याने कागद मागितला. चष्मा लावला, सवयीने लाल पेन उघडलं. ओळीवर पेनाचं टोक हवेतल्या हवेत फिरवलं.

"वाक्यात चूक नाही," म्हणाला.

"नाही."

"कोणता हात?"

"उजवा."

त्याने पेनाला टोपण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही. मला वाटलं होतं, ऐकून हलका होईल. उलट मीच त्याच्या हातातली काठी काढून घेतली की काय. रागाच्या टेकूवर उभा होता माणूस.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उत्तर आणलं, पण स्वारी टेबलावर चढायचं नाव घेत नाही.

मंगळवारी म्हणाला, दवाखान्याच्या फॉर्मात अकरा चुका आहेत, अशा लोकांवर विश्वास कसा ठेवायचा. काल म्हणाला, डॉक्टरीणबाई वयाने फार लहान. आज म्हणाला, "आधी त्यांच्या घरी माफीचं पत्र गेलं पाहिजे. ते नीट झाल्याशिवाय मी हलत नाही." पत्राचा मसुदा लिहितो, लाल करतो, फाडतो. सकाळपासून सात झाले. माणसाचं मन किती हळवं.

भिंगरी भांडी घासत होती. म्हणाली, "आत्या, तुला खरंच अजून कळलं नाही?"

"काय?"

तिने हात धुतले, माझ्या गालाला ओला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही. तू कर जे करतेयस ते."

मी ठरवलं. पत्र जाईल तेव्हा जाईल. ज्याची माफी मागायची ते माणूसच इथे आणते. त्या रविवारी निघताना इस्त्रीवालीने दिलेल्या पावतीवर दुकानाचा फोन नंबर होता. लावला. इस्त्रीवालीला म्हटलं, "अगं, दादाला तुमची माफी मागायचीय आणि त्यावाचून त्याचं ऑपरेशन अडलंय. चार तारखेच्या आत येतेस का?"

ती म्हणाली, "चादरी संपवून शनिवारी येते, ताई."

शनिवार, १ मार्च

दुपारच्या बसने आली. हातात एक पिशवी, तिच्यात तिची स्वतःची इस्त्री. "दुसऱ्याच्या इस्त्रीवर माझा भरवसा नाही," म्हणाली.

दादाला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. दार मी उघडलं. तो उठायला लागला, उठवेना.

"बसा दादा," ती म्हणाली. "मी थोरल्यांची नात."

दादाने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले. छापखान्याच्या मालकासमोरही त्याचा आवाज कधी खाली आला नव्हता. आज आला. "मी तुझ्या आजोबांना जन्मभर शिव्या दिल्या. अगदी निवडक, शुद्ध."

"हरकत नाही. त्यांना ऐकू कमीच यायचं."

भिंगरी फिस्सकन हसली. दादा हसला नाही, पण हात जरा सैल झाले. तिने चहा घेतला. मग इकडेतिकडे बघून दादाचा सदरा उचलला, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि इस्त्री तापायला लावली. गप्प बसणं तिला जमत नाही, हात चालू असले की तोंड चालतं.

"परवा ऑपरेशन ना?"

"तेरवा. पण मी अजून ठरवलं नाही. त्या फॉर्ममध्ये..."

"भीती वाटते का?"

मी म्हणणार होते, अगं, आमचा दादा कशाला भिईल. तोंडही उघडलं होतं.

"हो," दादा म्हणाला. "फार."

मी खाली बसले. एका घरात राहून मी त्याला झडपेचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, जेवणाचं विचारलं. हे एक विचारायचं सुचलं नाही. त्यासाठी नदीपलीकडून बाई यावी लागली. मी तीन रविवार घर शोधत फिरले, आणि हा इथे खुर्चीत भीतीने बसला होता. भिंगरीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मलाही वाटते," इस्त्रीवाली म्हणाली. "रोज ही तापताना वाटते. आमच्या घरात सगळ्यांना वाटते. आजोबा म्हणायचे, भीती जायची वाट बघत बसलात तर कपडे तसेच राहतील."

तिने कॉलर वळवली. "मी चार तारखेपर्यंत राहते इथेच. दुकानाला कुलूप लावून आलेय. मला भूक लागते दर दोन तासांनी, तेवढं सांभाळा."

दादाने तिच्या हातांकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "फॉर्म आण."

सही केली. फॉर्ममधल्या अकरा चुका तशाच राहू दिल्या.

मंगळवार, ४ मार्च

नऊ वाजता आत नेलं. नेताना त्याने तिघींकडे एकेकदा पाहिलं.

बाकावर बसलोय. भिंगरी येरझाऱ्या घालतेय. इस्त्रीवालीने शेजारच्या ट्रॉलीवरच्या चादरी घडी करायला घेतल्या. परिचारिका म्हणाली, "अहो आजी, ते आमचं काम आहे." ती म्हणाली, "मग नीट करा ना." आता परिचारिका तिच्याकडून घडी शिकतेय.

एक वाजला. काही निरोप नाही.

तीन. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढून. म्हणाल्या, झडप बसली, चालू आहे. मी त्यांचे हात धरले आणि काय बोलले ते आठवत नाही.

बुधवार, ५ मार्च

रात्री तिघी घरी गेलो नाही. सकाळी मला एकटीला आत सोडलं. दादा नळ्यांमध्ये पांढराफटक, पण ओठ गुलाबी. इतके गुलाबी मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. डोळे उघडले, ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"ती गेली का?"

"कोण रे?"

"इस्त्रीवाली."

"नाही. बाहेर बाकावर झोपलीय. बोलावू?"

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "नको. झोपू दे तिला."